मत आमचे, कुलूप मात्र कंपनीचे!

ज्ञानाला कुलूप लावणे ही या देशातली फार जुनी विद्या आहे. कोणी वाचावे, कोणी ऐकावे, कोणी नुसते जवळपासही फिरकू नये, याचे नियम येथे हजारो वर्षे चालले. ते नियम आज उघडपणे कोणी सांगत नाही. कुलूप तेच आहे, फक्त त्याचे नाव बदलले आहे. आता त्याला ‘बौद्धिक संपदा’ म्हणतात, ‘व्यापारी गुपित’ म्हणतात, कॉपीराइट म्हणतात. आणि हे कुलूप एखाद्या सिनेमावर किंवा गाण्यावर असते तर आम्ही त्याची एवढी फिकीर केली नसती. ते आमच्या मतावर लागले आहे, म्हणून हा लेख लिहावा लागतो आहे.

धाराशिव जिल्ह्यात उमरगा, तुळजापूर, धाराशिव आणि परंडा असे चार विधानसभा मतदारसंघ आहेत. त्यातला उमरगा अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. २००८ च्या फेररचनेपर्यंत उस्मानाबाद लोकसभा मतदारसंघही राखीव होता. प्रत्येक निवडणुकीत आमचा कार्यकर्ता पोलिंग एजंट म्हणून पहाटेच केंद्रावर जातो. चाचणी मतदान पाहतो, कागदी सीलवर सही करतो, संध्याकाळी यंत्र बंद होताना पुन्हा सही करतो. त्याने सील पाहिले, पेटी पाहिली, दिवा लागलेला पाहिला. पण त्या पेटीतली चिप कोणत्या आज्ञेवर चालते, हे त्याला ठाऊक नाही. त्याला नाही, तहसीलदाराला नाही, जिल्हा निवडणूक अधिकारी असलेल्या जिल्हाधिकाऱ्यांनाही नाही. ते ठाऊक आहे यंत्र बनवणाऱ्या दोन कंपन्यांतील मोजक्या अभियंत्यांना. एक बंगळूरची भारत इलेक्ट्रॉनिक्स आणि दुसरी हैदराबादची इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन. पहिली संरक्षण खात्याखाली, दुसरी अणुऊर्जा खात्याखाली. म्हणजे दोन्ही सरकारच्याच.

मग प्रश्न असा की, सरकारी पैशाने, सरकारी कंपनीने, जनतेच्या मतासाठी बनवलेल्या यंत्रात काही दोष आहे का, हे तपासण्याचा अधिकार जनतेला का नसावा?

२००९ साली काय घडले?

चळवळीतल्या तरुणांना हा इतिहास माहीत असायला हवा. २००९ च्या लोकसभा निवडणुकीनंतर मतदान यंत्रांविषयी शंका घेणारी याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली. न्यायालयाने याचिकाकर्त्यांना निवडणूक आयोगाकडे जायला सांगितले. आयोगाने त्यांना बोलावले आणि दोष असेल तर दाखवा, असे म्हटले. हैदराबादचे अभियंता हरिप्रसाद आणि त्यांचे सहकारी त्या प्रयोगासाठी गेले. सप्टेंबर २००९ मध्ये प्रयोग सुरू झाला आणि अर्ध्यावरच थांबला. का थांबला? यंत्र उघडून आतील भाग तपासणे म्हणजे उत्पादक कंपनीच्या बौद्धिक संपदा हक्कांचा भंग होय, अशी हरकत पुढे आली, असे या संशोधकांनी नोंदवून ठेवले आहे. आयोगाने मात्र तक्रारदारांना काहीच सिद्ध करता आले नाही, असे जाहीर केले.

वाचकांनी जरा विचार करावा. वैद्याला बोलवायचे, रोग सांग म्हणायचे, आणि नाडीला हात लावू लागला की म्हणायचे, नाडी आमच्या मालकीची आहे!

पुढची गोष्ट मुंबईची. २०१० च्या आरंभी एका नाव न सांगितलेल्या माणसाने हरिप्रसाद यांच्या हाती एक खरे मतदान यंत्र दिले. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाचे प्राध्यापक ॲलेक्स हाल्डरमन, नेदरलँड्सचे रॉप खोंग्राइप आणि हरिप्रसाद यांच्या चमूने ते तपासले आणि एप्रिल २०१० मध्ये निष्कर्ष जाहीर केले. त्यांनी दोन मार्ग दाखवले. पहिला असा की, यंत्राचा आकडे दाखवणारा भाग बदलून त्या जागी तसाच दिसणारा बनावट भाग बसवता येतो, आणि त्याला मोबाईलवरून हुकूम देता येतो. दुसरा असा की, मतदान आणि मतमोजणी यांच्या मधल्या काळात खिशात मावेल एवढे उपकरण स्मृतीच्या चिपला लावून मतांची नोंद बदलता येते. दोन्हींसाठी यंत्र प्रत्यक्ष हाती यावे लागते, हेही त्यांनी लपवले नाही.

आयोगाचे उत्तर असे की, यंत्रे कडक पहाऱ्यात असतात, त्यांवर सील असते, ती कोणत्याही जाळ्याला जोडलेली नसतात. या उत्तरावर वाद करता आला असता, पुढची चाचणी घेता आली असती. ती झाली नाही. झाली ती अटक. ते यंत्र मुंबईच्या जिल्हाधिकारी कार्यालयाच्या ताब्यातून चोरीला गेलेले निघाले आणि २१ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई पोलिसांनी हरिप्रसाद यांना हैदराबादेतून उचलले. आठवडाभराने त्यांना जामीन मिळाला. त्याच वर्षी परदेशात त्यांना सन्मानाचा पुरस्कार मिळाला.

गुन्हा चोरीचा नोंदला गेला, कॉपीराइटचा नव्हे, हे आम्हाला मान्य आहे. परंतु साखळी पाहा. सरळ दाराने तपासणी मागितली तेव्हा बौद्धिक संपदेचे कुलूप दाखवले. सरळ दार बंद झाले, म्हणून यंत्र आडवाटेने आले. आणि आडवाटेने आले म्हणून तपासणारा कोठडीत गेला. कुलूप आधी लागले, हातकडी नंतर पडली.

कायदा नेमके काय म्हणतो?

येथे कार्यकर्त्यांनी कायदा समजून घेतला पाहिजे. कारण कायद्याचे नाव सांगून गप्प बसवणे हे प्रस्थापितांचे जुने हत्यार आहे.

कॉपीराइट लिखाणाला, गाण्याला, चित्राला आणि संगणकाच्या प्रोग्रॅमलाही असतो. पण तो मांडणीला असतो, विचाराला किंवा वस्तुस्थितीला नसतो. ‘या यंत्रात अमुक ठिकाणी दोष आहे’ ही वस्तुस्थिती आहे. दोषावर कोणाचाही कॉपीराइट नसतो. १९५७ च्या आपल्या कॉपीराइट कायद्यातील कलम ५२ मध्ये तर स्पष्ट मुभा आहे. ज्याच्याकडे प्रोग्रॅम कायदेशीरपणे आला आहे, त्याने तो कसा चालतो हे पाहणे, अभ्यासणे, तपासणे हा हक्कभंग ठरत नाही. २०१२ च्या दुरुस्तीने कलम ६५अ आले. कॉपीराइट राखण्यासाठी लावलेले तांत्रिक कुलूप हक्कभंगाच्या हेतूने तोडले तर दोन वर्षांपर्यंत कैद, असे ते कलम सांगते. पण त्यातही गूढलिपीच्या संशोधनाला आणि संगणक यंत्रणेच्या सुरक्षा चाचणीला सूट आहे.

पेटंटचेही तसेच. पेटंट म्हणजे गुपित नव्हे. शोध जगापुढे उघड करायचा आणि त्या बदल्यात काही वर्षे मक्तेदारी घ्यायची, हा पेटंटचा करार असतो. शिवाय १९७० च्या पेटंट कायद्याच्या कलम ४७ मध्ये प्रयोग, संशोधन आणि विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी पेटंट असलेले यंत्र वापरण्याची मुभा दिलेली आहे.

मग अडते कुठे? बारीक अक्षरांत अडते. कलम ५२ ची मुभा ज्याच्या हाती प्रत कायदेशीरपणे आली आहे त्याला आहे, आणि मतदाराच्या हाती यंत्र फक्त बटण दाबण्यापुरते येते. कलम ६५अ मधील सुरक्षा चाचणीची सूट यंत्रणेच्या मालकाची किंवा चालकाची परवानगी असेल तरच आहे. शिवाय माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मधील कलम ४३ आणि ६६ डोक्यावर आहेतच. मालकाच्या परवानगीशिवाय संगणकात शिरणे तेथे दंडनीय आहे. म्हणजे कुंपणाने शेत खाल्ले की काय, हे पाहायचे असेल तर आधी कुंपणाची परवानगी काढा!

माहिती अधिकाराची गतही वेगळी नाही. २००५ च्या कायद्यातील कलम ८(१)(ड) नुसार व्यापारी गुपित आणि बौद्धिक संपदा यांची माहिती नाकारता येते. पण त्याच वाक्यात पुढे म्हटले आहे की, व्यापक जनहित असेल तर ती द्यावी. आणि कलम ९ तर आमच्या बाजूचे आहे. कॉपीराइटच्या कारणावरून माहिती नाकारायची असेल, तर तो कॉपीराइट राज्यसंस्थेखेरीज दुसऱ्या कोणाचा तरी असला पाहिजे, असे ते कलम म्हणते. आता सांगा, ज्या कंपन्यांचे मालक केंद्र सरकार आहे, त्यांचा कॉपीराइट ‘दुसऱ्या कोणाचा’ कसा? हा प्रश्न कागदावर, अर्जात, अपिलात विचारला गेला पाहिजे. घोषणेत विचारून भागणार नाही.

हा रोग फक्त आपल्याकडचा नाही

अमेरिकेत १९९८ साली डिजिटल कॉपीराइटचा कायदा आला. गाण्यांची चोरी थांबवण्यासाठी म्हणून तो आणला. त्याचा पहिला फटका बसला अभ्यासकांना. प्रिन्स्टन विद्यापीठाचे प्राध्यापक एडवर्ड फेल्टन यांच्या चमूने संगीत कंपन्यांनीच दिलेले आव्हान स्वीकारून त्यांची सुरक्षा पद्धत फोडून दाखवली. एप्रिल २००१ मध्ये ते परिषदेत निबंध वाचणार, तोच खटल्याची धमकी देणारे पत्र आले आणि निबंध मागे घ्यावा लागला. न्यायालयात गेल्यावर, ऑगस्टमध्ये तो वाचता आला.

दुसरे उदाहरण तर थेट मतदान यंत्रांचे आहे. २००३ साली डीबोल्ड या यंत्र बनवणाऱ्या कंपनीचा अंतर्गत पत्रव्यवहार बाहेर आला. यंत्रांतील उणिवांची चर्चा कंपनीचेच लोक त्यात करीत होते. विद्यार्थ्यांनी ती पत्रे लोकांपुढे ठेवली. कंपनीने काय करावे? दोष दुरुस्त करण्याऐवजी, ही पत्रे आमचे लिखाण आहे, त्यावर आमचा कॉपीराइट आहे, अशा नोटिसा धाडल्या. २००४ साली तेथील न्यायालयाने कंपनीने कॉपीराइटचा जाणूनबुजून खोटा दावा केल्याचा निर्णय दिला, आणि कंपनीला १ लाख २५ हजार डॉलर भरावे लागले. पुढे त्या देशाने प्रामाणिक सुरक्षा संशोधनाला, त्यात मतदान यंत्रांच्याही, या कायद्यातून सूट दिली. मतदान यंत्रांसाठी ती २०१५ पासूनच आणि इतर यंत्रणांसाठी २०१६ पासून अमलात आली.

जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने ३ मार्च २००९ रोजी आणखी मुळावर बोट ठेवले. मतदानाची आणि मोजणीची मुख्य पायरी सामान्य नागरिकाला विशेष ज्ञानाशिवाय तपासता आली पाहिजे, असे ते न्यायालय म्हणाले आणि तेथे वापरलेली यंत्रे घटनाबाह्य ठरवली.

‘दोष सांगितला तर चोर शिकतील’

याला विरोध करणारे एक म्हणणे ऐकू येते. यंत्राचा आतला प्रोग्रॅम उघड केला तर कोणीही त्यात घुसेल. सर्वोच्च न्यायालयानेही सप्टेंबर २०२३ मध्ये सोर्स कोडच्या स्वतंत्र तपासणीची मागणी फेटाळताना अशीच भीती व्यक्त केली. या म्हणण्याची टर उडवून चालणार नाही. उद्याच्या निवडणुकीतल्या यंत्राचा दोष आज चौकात ओरडून सांगणे शहाणपणाचे नाही, हे आम्हीही मानतो.

पण सुरक्षा क्षेत्राची रीत वेगळी आहे. दोष सापडला की आधी तो बनवणाऱ्याला कळवायचा, दुरुस्तीला ठरावीक मुदत द्यायची, आणि मग जगाला सांगायचे. सरकारची संगणक सुरक्षेची सर्ट-इन ही संस्था २००४ पासून असे दोष नोंदवण्याचेच काम करते. बँकेची तिजोरी घेताना तिचा आराखडा गुप्त आहे म्हणून कोणी विश्वास ठेवत नाही. दहा कारागिरांनी प्रयत्न करूनही ती उघडली नाही म्हणून विश्वास ठेवतो. जे कुलूप कोणालाच तपासू दिले नाही, ते पक्के आहे की कच्चे, हे फक्त दोघांना कळते: बनवणाऱ्याला आणि चोराला. मालकाला, म्हणजे मतदाराला, ते कळतच नाही.

येथे आमच्या लोकांनाही दोन शब्द सांगणे आम्ही कर्तव्य समजतो. यंत्रात दोष असू शकतो, आणि निवडणुकीत घोटाळा झाला, ही दोन वेगळी विधाने आहेत. २०१० च्या अभ्यासाने पहिले दाखवले, दुसरे दाखवले नाही. पुण्याच्या पर्वती मतदारसंघातील यंत्र मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने हैदराबादच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत गेले, तेव्हा छेडछाड आढळली नाही असाच अहवाल आला. आमच्या गटबाजीने, मतविभागणीने आणि बूथवर माणूस न बसवल्याने झालेला पराभव यंत्राच्या माथी मारणे म्हणजे स्वतःला फसवणे होय. आमची मागणी ‘यंत्राने आम्हाला हरवले’ ही नाही. आमची मागणी ‘यंत्र आम्हाला तपासू द्या’ ही आहे. पहिली मागणी रडण्याची आहे, दुसरी नागरिकाची आहे.

तपासणी कोणाला परवडते?

२६ एप्रिल २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सर्व व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या मोजण्याची मागणी फेटाळली, पण एक दार किलकिले केले. निकालानंतर सात दिवसांत दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला, प्रत्येक विधानसभा क्षेत्रातील पाच टक्के यंत्रांच्या चिपची तपासणी मागता येते. तपासणी करणार कोण? यंत्र बनवणाऱ्या कंपन्यांचेच अभियंते. खर्च कोणाचा? मागणाऱ्याचा. आयोगाने २०२४ साली एका संचासाठी ४० हजार रुपये आणि वर १८ टक्के कर, म्हणजे ४७ हजार २०० रुपये ठरवले. एखाद्या मतदारसंघात साडेतीनशे केंद्रे धरली, तर पाच टक्क्यांचा हिशेब आठ लाखांच्या पुढे जातो. ११ फेब्रुवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानेच हा खर्च जास्त असल्याचे म्हटले आणि तपासताना यंत्रातील माहिती पुसू नका, असे बजावले.

परंड्याच्या किंवा उमरग्याच्या शेतमजुराच्या पोराने वर्गणी गोळा करून निवडणूक लढवली, तर त्याने आठ लाख कुठून आणावेत? आणि तो चौथ्या क्रमांकावर असेल तर त्याला विचारण्याचाही अधिकार नाही. मतदाराला तर कोणत्याच क्रमांकावर अधिकार नाही. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातील मारकडवाडीच्या गावकऱ्यांनी डिसेंबर २०२४ मध्ये स्वतःच्या समाधानासाठी मतपत्रिकेवर मतदान घेऊन पाहायचे ठरवले, तेव्हा जमावबंदी आली आणि ते थांबवावे लागले. त्या मतदानाला कायद्याने किंमत नव्हती, हे खरे. पण तपासण्याची सगळी दारे बंद केली की लोक स्वतःची खिडकी पाडायला जातात, हेही तितकेच खरे.

कुलकर्ण्याचे दप्तर

फेब्रुवारी १९४१ मध्ये परमपूज्य बाबासाहेब आपल्या जिल्ह्यातील कसबे तडवळे येथे महार-मांग वतनदार परिषदेसाठी आले होते. वतन काय होते? राबायचे महाराने आणि हिशेब राहायचा कुलकर्ण्याच्या दप्तरात. ते दप्तर महाराने उघडायचे नव्हते. किती बलुते ठरले, किती मिळाले, कोणती जमीन कोणाच्या नावावर चढली, हे सारे त्या बासनात. बाबासाहेबांनी १९२८ सालीच मुंबई कायदेमंडळात वतन कायद्यात दुरुस्तीचे विधेयक मांडले, कारण दप्तर दुसऱ्याच्या हाती असेपर्यंत हक्क कागदावरच राहतो, हे त्यांनी ओळखले होते. याच बाबासाहेबांनी प्रौढ मताधिकारासाठी सायमन कमिशनपुढे आग्रह धरला आणि एक माणूस, एक मत, एक मूल्य हे सूत्र देशाला दिले. मताचे मूल्य राखायचे, तर मताचे दप्तर उघडे असले पाहिजे. आजचे दप्तर चिपमध्ये आहे, एवढाच फरक.

आम्ही कॉपीराइटचे शत्रू नाही. आमच्या शाहिरांची गाणी विकून दुसरेच गब्बर झाले, तेव्हा हाच कायदा शाहिराच्या बाजूने उभा राहायला हवा होता. निर्मात्याच्या पोटासाठी असलेला कायदा आम्हाला हवा आहे. सत्तेच्या गुपितासाठी वापरलेला कायदा नको आहे.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. जनतेच्या कामासाठी सरकारी पैशाने बनलेल्या यंत्रणेच्या सुरक्षा तपासणीला कॉपीराइट, पेटंट आणि माहिती तंत्रज्ञान कायद्यातून स्पष्ट संरक्षण द्यावे. प्रामाणिकपणे दोष कळवणाऱ्यावर गुन्हा नोंदू नये. मतदान यंत्राचा प्रोग्रॅम कंपनीबाहेरच्या स्वतंत्र तज्ज्ञांना तपासू द्यावा आणि त्यांचा अहवाल जाहीर करावा. तपासणीचा खर्च गरीब उमेदवाराच्या माथी मारू नये.

हे केवळ मतदान यंत्रापुरते नाही. आमच्या मुलांची शिष्यवृत्ती महाडीबीटीवर आहे, रेशन अंगठ्याच्या यंत्रावर आहे, पेन्शन आधारवर आहे. उद्या तुळजापूर किंवा धाराशिवच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील एखाद्या मुलीला अशा यंत्रणेत भगदाड दिसले, तर तिने ते सांगावे की घाबरून गप्प बसावे? तिने सांगितले तर फायदा हजारो विद्यार्थ्यांचा आहे. गप्प बसली तर फायदा भामट्याचा आहे. कायदा तिच्या पाठीशी असला पाहिजे. २०१८ साली नीती आयोगाने हा जिल्हा आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत घातला. आकांक्षा फक्त यंत्र वापरण्याची का असावी, यंत्र तपासण्याची का नसावी?

आणि कायदा बदलेपर्यंत हातावर हात ठेवून बसायचे कारण नाही. मतदान संपल्यावर केंद्राध्यक्षाकडून नमुना १७-क ची प्रत मिळणे हा पोलिंग एजंटचा हक्क आहे. किती मते नोंदली गेली, यंत्राचा क्रमांक कोणता, हे त्यात असते. मोजणीच्या टेबलावर तो आकडा जुळवून पाहायचा असतो. या कागदावर कोणाचाही कॉपीराइट नाही. किती केंद्रांवरून आमच्या कार्यकर्त्यांनी तो आणला? चारही मतदारसंघांतील प्रत्येक केंद्रावर आमचा शिकलेला माणूस बसेल, तो कागद हाती घेतल्याशिवाय उठणार नाही, एवढे जरी पुढच्या निवडणुकीत झाले, तरी दप्तराचे पहिले पान आपल्या हाती आले म्हणायचे. उरलेल्या पानांसाठी न्यायालयात, विधिमंडळात आणि रस्त्यावर लढावे लागेल.

जयभीम!